पावसाळ्यातली टीम

पाऊस लागला की आमच्याकडचं क्रिकेट थांबतं आणि टीम ठरवायला सुरुवात होते. गणपतीपुळ्याच्या आसपासच्या गावांत जून ते ऑक्टोबर मैदान नसतंच. जिथे खेळतो तिथे भात उभं असतं. कापणी झाली, जमीन सुकली की तिथेच पिच मारायचं आणि मेपर्यंत टेनिस बॉलचे सामने खेळायचे, हा आमचा हंगाम. बाकीचे महिने बोलण्याचे. कोण राहणार, कोण मुंबईला गेला, कोणाचा व्हिसा आला, पलीकडच्या वाडीतला तो ओपनर यंदा आपल्याकडे येईल का. इशाची नमाज झाल्यावर मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर आणि सकाळी चहाच्या टपरीवर हेच चालतं. मी खेळणं कधीच सोडलंय, पण वर्गणीचा हिशोब माझ्याकडे असल्यामुळे बैठकीला बसावं लागतं.

आयपीएलवाले खेळाडू ‘रिटेन’ करतात आणि ‘रिलीज’ करतात. आमची पोरंही आता हेच शब्द वापरतात. नोव्हेंबर २०२४ चा मोठा लिलाव जेद्दाहला झाला, तेव्हा मोहल्ल्यात त्याचं भारी अप्रूप होतं. जेद्दाह म्हणजे आमच्यासाठी हज-उमऱ्याचं आणि नोकरीचं शहर. दोन दिवसांत १८२ खेळाडू विकले गेले. ऋषभ पंतला २७ कोटी आणि तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाख मिळाले. तिकडेच नोकरी करणाऱ्या आमच्या एका चाचांनी फोनवर विचारलं, “आपल्यातल्या कोणाचा नंबर लागला काय?” मी सांगितलं, सिराज सव्वाबारा कोटींना गुजरातकडे गेला, शमी दहा कोटींना हैदराबादकडे. “तसं नाय रे,” ते म्हणाले, “आपल्या बाजूचा कोण?”

आपल्या बाजूची एक टीम आहे तशी. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. सहा संघांतला एक रत्नागिरी जेट्स, कर्णधार अझीम काझी. पहिल्या वर्षी पावसाने अंतिम सामना पुरा होऊ दिला नाही आणि साखळीत वर असल्यामुळे जेट्स विजेते ठरले. रत्नागिरीच्या नावाची टीम पावसाच्या कृपेने जिंकते, याचं आमच्या टपरीवर कोणालाच नवल वाटलं नाही. २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा चषक घेतला. २०२५ मध्ये मात्र हुकला. नावात रत्नागिरी आणि कर्णधार काझी, त्यामुळे आमच्या मोहल्ल्याने ही टीम लगेच आपली मानली.

पण ही टीम खेळते जूनमध्ये, आणि खेळते पुण्याजवळ गहुंजेला. त्या महिन्यात रत्नागिरीत सामना ठेवणं शक्यच नाही. खेळाडू येतात लिलावातून. पहिल्या लिलावात सर्वांत जास्त बोली नौशाद शेखवर लागली, कोल्हापूरने त्याला ६ लाखांना घेतलं. ज्या टीमच्या नावात जिल्हा आहे तिचा खेळाडू त्या जिल्ह्याचाच असावा असं बंधन नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या कट्ट्यावरचा मुलगा त्या यादीपर्यंत पोहोचणार कसा?

एक अडचण बॉलची. टेनिसचा बॉल हलका. तो जोरात आपटायचा आणि बॅट्समनने पुढचा पाय बाजूला काढून उचलायचा. लेदरला शिवण असते. तिथे टप्पा सांभाळावा लागतो, एकच बॉल त्याच जागी सहा वेळा टाकावा लागतो. टेनिसवरचा राजा लेदरवर पहिल्या दिवशी नवशिका असतो. दुसरी अडचण रस्त्याची. आमची माणसं प्रत्येक कामाला मुंबई गाठतात, प्रत्येकाचा एक काका किंवा मामू तिथे असतो. क्रिकेटच्या नकाशात मात्र रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्र असोसिएशनकडे येतो, म्हणजे घाट चढून पुण्याकडे जायचं. तिथे आमच्या पोराची खोली नाही, ओळख नाही. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम पारकर मुंबईकडून खेळले. १९८१-८२ च्या रणजीत बंगालविरुद्ध त्यांनी गावसकरांबरोबर ४२१ धावांची सलामी दिली आणि १९८२ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी खेळले. कोकणी मुसलमानांच्या घरात हे नाव अजून निघतं. ते मुंबईच्या वाटेने गेले. गावात राहून पुढे जायची वाट त्यापेक्षा लांबची आहे. २०२४ मध्ये टेनिस बॉलचीही मोठी लीग ठाण्यात सुरू झाली, त्यामुळे पोरांना तेवढी एक खिडकी उघडली आहे.

आमच्या टीमनिवडीत कौशल्य हा शेवटचा मुद्दा असतो. आधी रविवार बघावा लागतो. गणपतीपुळ्यात निम्मी पोरं लॉजवर, हॉटेलात, रिक्षावर, नाहीतर किनाऱ्यावरच्या धंद्यात. स्पर्धा असते रविवारी आणि गर्दीही रविवारी. डिसेंबरच्या सुट्टीत किंवा अंगारकीला मालक कोणालाच सोडत नाही. मार्चनंतर आंबा. बागेवर राखणीला गेलेला बॉलर सामन्याला कसा येणार?

आणि रमजान. तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०१२ ते २०१७ या काळात तो पावसाच्या आसपास यायचा, टीमला त्याचा हिशोबच करावा लागत नव्हता. आता तो भर हंगामात आला आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये मार्चला लागला, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. पुढची काही वर्षं तो आमच्या हंगामातच फिरणार आहे. रोजा ठेवून दुपारच्या उन्हात चार ओव्हर टाकायच्या म्हणजे काय, हे ज्याने टाकल्या त्यालाच माहीत. गेल्या रमजानमध्ये आमच्या खारवी विकेटकीपरने आपणहून आयोजकांना गाठलं आणि आमचे सामने सकाळी पहिल्यांदा लावून घेतले. तो म्हणाला, “दुपारी माझे बॉलर मरतील.” माझे बॉलर, हा शब्द त्याचा.

म्हणून यंदाच्या बैठकीत जो विषय निघाला तो मला हलका वाटला नाही. कोकणात आता समाजवार लीग होतात. कुणब्यांची वेगळी, भंडाऱ्यांची वेगळी, मुसलमानांचीही. त्यात वाईट काही नाही. मुंबई-पुण्यातली माणसं गावाला येतात, ओळखी होतात, बक्षीसही बरं असतं. पण यंदा आमच्या समाजाच्या लीगची आणि तालुक्यातल्या स्पर्धेची तारीख एकच निघाली. काही पोरांचं म्हणणं पडलं की आपण सात जण तिकडे जाऊ, बाकीच्या चौघांनी त्यांचं बघावं.

मी त्यांना पंचरंगी सामन्यांबद्दल सांगितलं. मुंबईत एकेकाळी हिंदू, पारशी, युरोपियन यांच्या स्पर्धेत १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला, १९३७ मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा. मैदान ओसंडून वाहायचं, खेळ उत्तम व्हायचा. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर टीम करण्याला विरोध केला आणि १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली. पोरांनी ऐकून घेतलं. त्यांच्यावर जास्त परिणाम मात्र दुसऱ्याच गोष्टीचा झाला. एकाने विचारलं, “मग कीपिंग कोण करणार?” ठरलं असं की समाजाच्या लीगला ज्याला जायचं त्याने जावं, पण एकाच तारखेला दोन्ही आले तर गावाची टीम आधी. सगळे खूश नव्हते. दोन पोरं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

शेवटचा विषय एका सतरा वर्षांच्या मुलाचा. डावखुरा, वेगवान. आयटीआयला आहे, वडील रिक्षा चालवतात. गेल्या हंगामातली आमची दोन बक्षिसं त्याच्या शेवटच्या ओव्हरमुळे आली. त्याला जिल्ह्याच्या निवडचाचणीला उतरायचं आहे. त्यासाठी रविवारी रत्नागिरीला जाऊन लेदरवर सराव करावा लागेल, म्हणजे आमचा एकही रविवार त्याला मिळणार नाही. शिवाय टेनिसवर हात झटकायची सवय राहिली तर लेदरवर बॉल भलतीकडे जातो. त्याच्या मामूने कतारचा व्हिसा बघून ठेवला आहे, अठरा पूर्ण झाले की निघायचं. वडिलांनी मुदत दिली आहे ती पुढच्या पावसापर्यंतची.

बैठकीत कुरबुर झाली. एंट्री फी भरायची, वर्गणी काढायची आणि आपला सर्वांत चांगला बॉलर दुसरीकडे पाठवायचा, हे कोणाला पटेल? तेव्हा कुवेतहून कायमचे परत आलेले, चाळिशी ओलांडलेले आमचे जुने कर्णधार म्हणाले, “त्याला सोडा. त्याच्या दोन ओव्हर मी टाकतो.” कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत. वीस वर्षांपूर्वी त्यांनाही कोणीतरी पुण्याला चल म्हणाला होता, आणि त्याच महिन्यात त्यांचा व्हिसा आला होता. हे मला माहीत होतं, पोरांना नव्हतं.

मोठ्या टीम मुलांना खालच्या संघांत वाढवतात आणि तयार झाल्यावर वर नेतात. आमच्या वर कोणी न्यायला बसलेलं नाही. आम्हीच वाढवायचं आणि आम्हीच सोडायचं, आणि तो पुढे जाईलच याची खात्री नाही. कदाचित पुढच्या जूनमध्ये तो दोह्याला असेल. तरी यंदाच्या वर्गणीतून पहिला खर्च त्याच्या स्पाइकच्या बुटांचा झाला, आणि त्या पानावर टीममधल्या सगळ्यांनी सही केली आहे, त्या दोघांनीसुद्धा.