वाट दिसत नसली तरी

हॉस्टेलच्या गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. पप्पांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. "नोकरी सोडून पूर्णवेळ मंडळीची सेवा करावी म्हणतो. तुला काय वाटतं?" डोळ्यांपुढे फी, मेसचं बिल अन् बहिणीची बारावी! विचारलं, "देवानंच सांगितलं हे कशावरून?" पप्पा म्हणाले, "लिहून थोडंच येतं, बेटा? मम्मी अजून हो म्हणाली नाही, म्हणून थांबलोय."

मला 'स्मृतिचित्रे' आठवलं. आपल्याच नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं ना. वा. टिळकांना बायबल वाचायला दिलं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी मात्र स्वतःला पटल्यावरच, १९०० मध्ये. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला.

म्हणजे बोलावणं एकाला आलं तरी चालायचं सगळ्या घराला असतं! पप्पांना म्हटलं, "मम्मीला वेळ द्या. फीसाठी मी एज्युकेशन लोनचं बघतो."

मित्रांनो, भीती काही गेली नाही. मम्मीचं उत्तरही अजून यायचंय. पण त्या रात्री प्रार्थना केली अन् कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.