राणीचं घर, आजीचं घर

परवा नेटवर भटकताना एक जुनं चित्र सापडलं. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधलं, १८४८ सालचं. राणी व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि पोरंबाळं टेबलावरच्या ख्रिसमस ट्रीभोवती जमलेली. छपाई लाकडी ठशाची. कोरलं तिथे पांढरं, ठेवलं तिथे काळं, मधला राखाडी रंगच नाही! आपल्या भाषेत शून्य आणि एक. रेघा दाट-विरळ करून डोळ्याला फसवायचं, बस्स.

खरी गंमत पुढेच आहे. १८५० मध्ये 'गोडीज लेडीज बुक' या अमेरिकन मासिकाने तेच चित्र छापलं, पण राणीचा मुकुट काढून आणि अल्बर्टची मिशी उडवून. झालं साधंसुधं घर! फोटोशॉप आलं त्याच्या १४० वर्षं आधी.

माणला गेलो तेव्हा आजीला हे मोबाईलवर दाखवलं. म्हणाली, "एवढी पोरं, आन बाई नुसती हुबी? चूल कुणी पेटवायची?"

आता घ्या! हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच साप्ताहिकाने १८७७ मध्ये आपल्याकडचीही चित्रं छापली. कसली, तर दुष्काळाची. बंगळूरला मदतीची वाट बघत बसलेली माणसं वगैरे. त्या १८७६-७८ च्या दुष्काळात माणही होरपळला. म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव त्याच दुष्काळी कामातला. म्हणजे घराचं चित्र त्यांचं, उपासाचं आमचं. अजूनही माण म्हटलं की पेपरात भेगाळलेली जमीन आणि टँकर. पण त्या जमिनीवर घरंही आहेत की राव! आत माणसं जेवतात, भांडतात, हसतात.

आमचं घर या उन्हाळ्यात पाडायचंय, स्लॅबचं होणार. आणि अख्ख्या खानदानात त्या घराचा आतून काढलेला एक फोटो नाही. लग्नाचे अल्बम आहेत, पण चूल कुठेच नाही.

म्हटलं, "आजी, चुलीपाशी बस, फोटो काढतो."

"काजळीत कशाला? पाव्हनं बघून काय म्हन्तील?" असं म्हणून ती आत गेली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून ओसरीवर येऊन बसली. तिकडे मुकुट उतरवला, इकडे चढवायचा होता!

तिच्या मनासारखा ओसरीवरचा फोटो आधी काढला. मग बऱ्याच विनवण्यांनंतर चुलीपाशीही, त्याच लुगड्यात. पहिला नव्या घरात भिंतीवर लागेल. दुसरा माझ्याकडे, काजळीसकट.

मंडळी, पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर एक फोटो स्वयंपाकघराचाही काढा. स्लॅब पडायच्या आत.