दुसरी मुलगी

बोईसरहून एमआयडीसीच्या रस्त्याला रिक्षा लागली की मुली स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेतात. धूळ, ऊन आणि कारखान्यांचा तो उग्र वास. परतताना डहाणू लोकलच्या लेडीज डब्यात शिरल्या की स्कार्फ सुटतो. मग त्यानेच घाम पुसायचा, त्यातच कुणाचं पेंगुळलेलं पोर गुंडाळायचं. बांध म्हणणारं कुणी नाही, सोड म्हणणारंही नाही.

कापडाशी इराणी बायकांचं तरी कुठे वैर होतं? 1936 मध्ये रझाशाहच्या पोलिसांनी त्यांच्या डोक्यावरची चादर ओढून काढली, 1979 च्या क्रांतीनंतर आलेल्यांनी डोकं झाकायची सक्ती केली. ओढणारे हात तेवढे बदलले.

27 डिसेंबर 2017 ला तेहरानच्या एंगेलाब रस्त्यावर विदा मोवाहेद एका पेटीवर चढली आणि पांढरा स्कार्फ काठीला बांधून उभी राहिली. पकडली गेली. तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं मन मात्र घोटाळतं ते दुसरीपाशी. महिनाभराने नर्गिस होसेनी त्याच पेटीवर चढली. पहिलीचं काय झालं, हे पुरतं ठाऊक असताना.

आमच्या पालघरला अशी दुसरी ठाऊक आहे. नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. हा बंद कशासाठी, असं इथल्या एका मुलीने फेसबुकवर विचारलं. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. लाइक म्हणजे केवढं? अंगठा टेकवायचा, झालं. दोघींना अटक झाली, पहिलीच्या काकांच्या दवाखान्यात तोडफोड झाली. अंगठ्याला एवढं भ्यायचं? (भिणाऱ्यांचा हिशेब तसा चुकीचा नसावा. एकटीला आगाऊ म्हणून गप्प बसवता येतं. दोघी झाल्या की पंचाईत.) आणि तिसरी निघालीच. दिल्लीची श्रेया सिंघल या अटकेवरून सर्वोच्च न्यायालयात गेली. 24 मार्च 2015 ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम रद्द झालं.

मग इराणमध्ये, सप्टेंबर 2022 मध्ये, स्कार्फवरून पकडलेली महसा जिना अमिनी पोलिसांच्या ताब्यात कोसळली आणि गेली. इस्पितळात एकमेकांना बिलगलेल्या तिच्या घरच्यांचा फोटो नीलोफर हामेदी या पत्रकार बाईने जगापुढे आणला. दफनाची बातमी करायला इलाहे मोहम्मदी सक्केझला गेली. दोघींनी वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला.

तो फोटो माझ्याही फोनवर आला होता. मी लाइक केलं. पालघरात बसून तेवढं करायला आता धाडस लागत नव्हतं.