खरोशाची उतरण

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. बाहेरगावचा माणूस तेथे प्रथम आला की गोंधळतो; ज्याची हयात त्याच वर्तुळात गेली, त्याला मात्र दागिन्यांचा रस्ता कोणता, मिरची-गुळाचा कोणता, चपलांचा कोणता हे डोळे मिटूनही सांगता येते. या बाजारात कापडाचे पिढीजात दुकान असलेल्या एका गृहस्थांपुढे दिवाळीच्या सुटीत मात्र असा एक रस्ता निवडण्याचा प्रसंग आला, जो या सोळांपैकी कोणताच नव्हता.

प्रसंग पुतण्याने आणला. तो पुण्यास अभियांत्रिकी शिकतो आणि रविवारी सिंहगडाच्या परिसरात डोंगरी सायकल चालवितो. जाड खाचांचे टायर, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक अशी ती सायकल खासगी बसच्या टपावर घालून त्याने लातुरास आणली. काकांचे वय छप्पन्न. वैद्यकीय सल्ल्यावरून दोन वर्षांपूर्वी त्यांनीही तशीच एक साधी सायकल घेतली आणि रोज पहाटे औसा रस्त्याने दहा किलोमीटर जाऊन येण्याचा नेम धरला. घरात एवढा एकच सोबती असल्याने पुतण्याने त्यांनाच गळ घातली: “काका, एकदा खऱ्या डोंगरावरून उतरून बघू या.”

मराठवाड्यात डोंगर कोठला, असे पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांना वाटते, लातूरकरांनाही वाटते. वास्तविक लातूर जिल्हा बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० ते ६३८ मीटर उंचीवर वसला आहे, तर गोदाकाठचे नांदेड सुमारे ३६० मीटरवर आहे. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला जाणारा प्रवासी दोनशे मीटरांहून अधिक खाली उतरतो. परंतु ते उतरणे शंभराहून अधिक किलोमीटरांवर पसरलेले असल्याने त्याच्या ध्यानी येत नाही. बालाघाटाचा उतार असा लपलेला असतो. एखाद्या माळाच्या कडेला तो एकाएकी प्रकट होतो, तेव्हा सावध होण्यास फारसा अवधी मिळत नाही.

याचे कारण खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. या खडकास भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द जिन्याला असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. जिन्याप्रमाणेच येथे सपाटी, मग एकदम पायरी, पुन्हा सपाटी. चालणाऱ्याला पायरी पायाखाली कळते. सायकलस्वाराला ती पुढचे चाक हवेत गेल्यावर कळते.

पुतण्याच्या मनात प्रथम माहूर होते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा हा मुलूख खरोखरच डोंगराळ आहे: रेणुका, दत्त आणि अनसूया यांची तीन शिखरे, रामगडाची तटबंदी, भोवती सागाचे रान आणि वळसा घालून जाणारी पैनगंगा. काकांनी माहूर पाहिले होते, पण मोटारीतून. त्यांनी विचारले, “चढायचे कुठून ते सांगितलेस. उतरायचे कुठून?”

“आल्या वाटेनेच. घाटाचा डांबरी रस्ता आहे.”

“त्या रस्त्यावर यात्रेकरूंच्या जीपगाड्या असतात. वळणावर समोरून एक आली तर?”

पुतण्यापाशी याचे उत्तर नव्हते. जंगलातून उतरायचे तर पैनगंगा अभयारण्याची हद्द आणि वनखात्याची परवानगी हे विषय आले. शिवाय माहूर नांदेडपासूनच सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे लातूरहून मुक्कामाशिवाय होणे नाही. माहूर मागे पडले. उदगीरजवळचे देवर्जनचे हत्तीबेटही विचारात आले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्यांचा हा तळ, गर्द झाडीचा आणि लेण्यांचा. परंतु सुटीत तेथे सहलीची मुलेबाळे फार. वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध. त्यावर चाके फिरविणे दोघांनाही रुचले नाही. राहिले खरोसा.

हा खेळ मुळात उतरणीतूनच जन्माला आला, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, माउंट तमालपाइसच्या परिसरात, १९७६ पासून काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एका कच्च्या डोंगरी रस्त्यावरून शर्यतीने उतरू लागले. एका उतरणीत मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे; त्यावरून त्या रस्त्याचे नावच ‘रिपॅक’ पडले. पुढे वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलचा समावेश झाला. इंग्लंडात घोडवाटांवर सायकल चालविण्यास १९६८ च्या कायद्याने मुभा दिली, पाऊलवाटांवर मात्र दिली नाही. आपल्याकडे पाणंद, गाडीवाट, शिवेचा रस्ता आणि पाऊलवाट हे भेद पूर्वापार आहेत. शेताच्या बांधावरून सायकल घालणाऱ्याला शेतकरी जो प्रश्न विचारतो तो कायद्याहून कमी धारदार नसतो. काकांचे बरेचसे गिऱ्हाईक खेड्यांतले, त्यामुळे ही बाजू त्यांना पुतण्यापेक्षा चांगली कळत होती. ज्याच्या शेताकडून वाट जाते त्याला विचारून जायचे, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले.

दिवसही त्यांनीच नेमला. पावसाळ्यात काळी माती चाकांना चिकटून सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि त्या दिवसांत वाटेवर गोगलगायी, किडे-मुंग्या एवढ्या असतात की कोणाकोणाला चुकविणार! दिवाळीनंतर जमीन वाळलेली, सोयाबीन निघालेले, हवा थंड. नोव्हेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी घरी येऊन जेवायचे तर उतरणे दुपारच्या आत आटोपले पाहिजे. हिशेब असा शेवटाकडून मागे मांडला गेला.

नकाशावर उतार कसा वाचावा हे पुतण्याने दाखविले. सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारात एक या प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा वीस-वीस मीटरांनी असतात. तीन रेषा ओलांडल्या म्हणजे साठ मीटर. ते सहाशे मीटर अंतरात उतरायचे तर उतार शेकडा दहा. “म्हणजे व्याजासारखेच,” काका म्हणाले. शेकडा तीन-चारावर माणूस हसतखेळत उतरतो, दहावर ब्रेक सोडवत नाही, आणि सुट्या खडीवर शेकडा वीस म्हणजे सावकारी दर. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर साधारण चौपट होते, हे पुतण्याने सांगितले तेव्हा काकांनी कागदावर मांडून पाहिले आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मोठ्या भावाचा हा एकुलता मुलगा होता.

ठरल्या दिवशी पहाटे दुकानाच्या छोट्या हत्तीत सायकली घालून दोघे निघाले. औसा येता येता उजाडू लागले. येथला किल्ला डोंगरावर नसून भोवतालच्या उंचवट्यांमध्ये सखल जागी आहे. चहूकडून येणारा शत्रू आतून दिसावा, ही त्यातली योजना. पुढे निलंगा रस्त्याने लामजना लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नव्याने वसविलेल्या गावांचा हा टापू. त्यापुढे खरोसा, लातूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर.

खरोशाची लेणी साधारण सहाव्या शतकातली. वेरूळ-अजिंठ्याचा काळा कातळ येथे नाही; ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. बुद्ध, नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, रावण अशी शिल्पे एकाच टेकडीत नांदतात. जांभा सच्छिद्र असतो. ऊनपाऊस सोसून शिल्पांचे चेहरे पुसट झाले आहेत. दोघांनी लेणी निवांत पाहिली आणि त्या अंगाला सायकल न्यायची नाही, हे न बोलताच ठरले.

उतरण्यासाठी त्यांनी मागच्या अंगाची गुरांची वाट पाहून ठेवली. तिच्या दोन शाखा होत्या. एक सरळ खाली, दुसरी वळसा घेत. पुतण्याला सरळ हवी होती. काकांची अट एकच होती: ज्या वाटेने उतरायचे, तीच आधी पायी चढायची. सायकली खाली ठेवून दोघे सरळ वाटेने चढू लागले. वाटेवर जांभ्याची बारीक खडी होती, मोहरीवर पाय पडावा तशी निसटणारी. अर्ध्यावर कुसळी गवताच्या आड एक ओघळ निघाला, हातभर रुंद आणि गुडघाभर खोल. खालून तो स्पष्ट दिसत होता. वर जाऊन पाहिले तर गवताखेरीज काही नाही.

“हा एवढा मी ध्यानात ठेवीन,” पुतण्या म्हणाला.

“ठेव. पण तिथे उतरून चाल.”

“बरं काका.”

मग सायकली ढकलीत वर नेल्या. पुतण्याने स्वतःची आणि काकांची बैठक खाली केली, टायरांतली हवा थोडी कमी केली. अंग मागे, दोन्ही पॅडल समपातळीत, ब्रेकवर दोन बोटे, वळणाआधी वेग कमी करावयाचा, वळणात नव्हे. नजर चाकापुढे नको, जिथे जायचे तिथे हवी. काका वळशाच्या वाटेने निघाले, निम्मे सायकलवर आणि निम्मे तिला धरून चालत. पुतण्या सरळ वाटेने निघाला.

चढताना सूर्य एका बाजूला होता, आता तो वर आला होता आणि गवताच्या सावल्या आखडल्या होत्या. ज्या बाभळीची खूण त्याने धरली होती, तशीच दुसरी बाभूळ तिच्या अलीकडे निघाली. ओघळ पुढच्या बाभळीशी असेल अशा समजुतीने तो सायकलवरच राहिला. ऐन वेळी गवतातली फट दिसली, त्याने पुढचा ब्रेक जोरात दाबला, खडीवर चाक घसरले आणि तो कुशीवर पडला. सायकल ओघळात गेली. तो काठावर राहिला. कोपर आणि गुडघा सोलवटला, हेल्मेटच्या एका बाजूस जांभ्याचा लाल ओरखडा उठला.

काका वळशाच्या वाटेवरून धापा टाकीत आडवे चालत आले. त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतले, ओरखड्यावरून अंगठा फिरविला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

“बाबांना सांगणार?” पुतण्याने विचारले.

“कोपर तुझं आहे. तूच सांग.”

उरलेली वाट दोघांनी पायी उतरली. खाली गाडीरस्त्यावर आल्यावर पुतण्या पुन्हा सायकलवर बसला; मग काकाही बसले, आणि लामजन्याकडे जाणाऱ्या हलक्या उतारावर, शेकडा दोन-तीनाच्या, काकांनी प्रथमच ब्रेकवरची बोटे सैल केली. तुरीच्या शेतांमधून जाताना वारा कानात भरत होता. पुतण्याने मागून हाक मारली, पण त्यांना ती ऐकू गेली नाही.

गावाच्या अलीकडे काकांच्या मागच्या टायरमध्ये सराट्याचा काटा शिरला. छोटा हत्ती अर्ध्या तासात येणार होता. तोवर बांधावर बसून ठिगळ लावता लावता पुतण्याने माहूरचा विषय पुन्हा काढला. काकांनी नकाशा मागितला आणि चष्मा पुसून घेतला.