मधल्या काळात काय केलंत?

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडला तेव्हा समोर २१२ रेझ्युमे होते. आमच्या टीममध्ये एक जागा भरायची आहे. एकच. एचआरच्या मुलीने शुक्रवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळी फाइल माझ्या गळ्यात मारली आणि म्हणाली, "सर, सोमवारपर्यंत पंधरा नावं द्या ना." आता २१२ रेझ्युमे कोण वाचणार? त्यातून हल्ली सगळेच रेझ्युमे एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे दिसतात. जो तो 'टीम प्लेअर' आणि जो तो 'पॅशनेट'. मग प्रोग्रामर माणूस जे करतो तेच मी केलं. एक्सेलमध्ये फिल्टर लावले. अनुभव पाच वर्षांपेक्षा कमी? बाद. जावा नाही? बाद. शेवटची नोकरी सुटून सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले? बाद. खाली ४१ उरले. चहा अजून गरम होता. एकदम कृतकृत्य वाटलं.

बायको मागे उभी राहून पोहे खात होती. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, त्या तिसऱ्या फिल्टरमधून तू तरी गेला असतास का?" आणि लिंबू आणायला आत निघून गेली. (आमच्याकडे गंभीर चर्चा अशाच होतात.)

नसतो गेलो. फेब्रुवारी २००९ मध्ये माझी नोकरी गेली आणि पुढची लागली एप्रिल २०१० मध्ये. मध्ये चौदा महिने.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये त्यावर विनोद करत होतो. आमचा क्लायंट अमेरिकेतला, गृहकर्जांच्या धंद्यातला, हे त्या विनोदांत कुणाच्या लक्षातच आलं नाही. दोन महिने बेंचवर बसलो. आमच्या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगतो, बेंच म्हणजे काम नाही पण पगार चालू. मग एका सोमवारी मीटिंग रूममध्ये बोलावलं, दहा मिनिटं सगळे फार गोड बोलले, आणि दुपारी साडेतीनला मी बॅग घेऊन हिंजवडीहून घरी यायला निघालो होतो. त्या वेळी रस्ता किती मोकळा असतो हे पहिल्यांदाच कळलं.

पहिले दोन महिने मजेत गेले. खोटं कशाला बोलू? गळके नळ दुरुस्त केले, पुस्तकं आवरली, रोज दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकले. तेव्हा दोन महिने बेकार राहिलं की पीएफ काढता यायचा, तो काढला. बायको शाळेत शिकवायची, तिच्या पगारात घर चालायचं. फ्लॅटचा हप्ता मात्र तिच्या पगारापेक्षा जास्त होता, म्हणजे तो पीएफमधून. किती महिने पुरेल याची एक्सेल शीट मी केली होती. रोज उघडून बघायचो, जणू बघितल्याने महिना वाढणार होता.

खरी गंमत तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर सुरू झाली. पहिल्या तीन महिन्यांत नऊ इंटरव्ह्यू झाले होते. पुढच्या तीनमध्ये दोन. त्यानंतर दिवाळीपर्यंत एकही नाही. मी तोच, रेझ्युमे तोच, उलट दोन ओळी वाढल्याच होत्या. नोकरीच्या साइटवर रोज सकाळी प्रोफाइल उघडून एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचा आणि सेव्ह मारायचं, म्हणजे आपलं नाव यादीत वर येतं, ही युक्ती मला कुणीतरी सांगितली होती. माझ्या इतका स्वल्पविरामांचा अभ्यास मराठीच्या प्राध्यापकांनीही केला नसेल. 'लगेच जॉइन होऊ शकतो' हे वाक्य आधी मी अभिमानाने ठळक अक्षरात लिहायचो. ऑगस्टमध्ये ते साध्या अक्षरात आणलं. ऑक्टोबरमध्ये काढून टाकलं.

याच काळात माझ्या लक्षात आलं की मी हळू चालायला लागलोय. कोपऱ्यावरून दूध आणायला पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता पाऊण तास. वाटेत कोण काय खोदतंय ते बघ, गॅरेजवाल्याशी बोल, उगाच दुकानाच्या पाटीवरचं शुद्धलेखन तपास. हे मला माझंच खास वेड वाटायचं. मग खूप वर्षांनी मारिएनथालबद्दल वाचलं. व्हिएन्नाजवळची ही एका सूतगिरणीवर जगणारी छोटी वस्ती. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तिघांनी तिथे जाऊन अभ्यास केला आणि १९३३ मध्ये पुस्तक काढलं. त्यांनी काय काय मोजावं? रस्त्यावरून लोक किती वेगाने चालतात तेसुद्धा मोजलं. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते, पुन्हापुन्हा थांबत होते. बायकांना घरचं काम होतंच, त्यामुळे त्यांना थांबायला वेळ नव्हता. वाचनालयाची वर्गणी माफ केली होती, लोकांकडे वेळच वेळ होता, आणि तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. माणसांना दिवसाची तासवार नोंद लिहायला सांगितली तर लिहिण्यासारखं दोन-तीन गोष्टींपलीकडे काही नसायचं. थोडक्यात टाइमशीट! हे वाचताना मी हसलो आणि मग पान मिटून ठेवलं. कारण मीही त्या चौदा महिन्यांत मिळून सहा पुस्तकंसुद्धा वाचली नाहीत. वेळ नाही म्हणून वाचन राहतं असं आपण सगळे सांगत असतो ना, ते काही खरं नाही.

बाबांना मी सांगितलंच नव्हतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढलेला माणूस, नोकरी 'जाते' म्हणजे काय हे त्यांना कसं समजावणार? दर रविवारी साताऱ्याहून फोन यायचा, "काय रे, काम कसं चाललंय?" मी म्हणायचो, "चाललंय, बाबा. नवीन प्रोजेक्ट आहे." ऑगस्टमध्ये एका बुधवारी सकाळी अकरा वाजता ते न कळवता दारात उभे. मी बनियनवर. 'वर्क फ्रॉम होम' हे शब्द तेव्हा पुण्यात नवीन होते, तेच फेकले. त्यांनी मान डोलावली. दिवसभर पेपर वाचत बसले. मी समोर लॅपटॉप उघडून चार तास काम करण्याचं नाटक केलं, आणि खरं सांगतो, चौदा महिन्यांत इतका दमलो नव्हतो. निघताना त्यांनी बायकोच्या हातात एक पाकीट दिलं, "त्याला सांगू नकोस." तिने ते मला तीन वर्षांनी सांगितलं.

आता त्या प्रश्नाकडे येतो. "मधल्या काळात काय केलंत?" इंटरव्ह्यूत हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत यायचा. सुरुवातीला मी खरं उत्तर दिलं. नोकरी शोधत होतो. समोरचा माणूस काहीतरी लिहून घ्यायचा आणि त्यानंतर त्याचं माझ्याकडे लक्ष नसायचं. मग मी 'फ्रीलान्सिंग' म्हणायला लागलो. अगदीच थाप नव्हती ती. कराडच्या मामेभावाच्या हार्डवेअरच्या दुकानाची एक वेबसाइट केली होती, मोबदला एक प्रेशर कुकर. (अजून चालतो. वेबसाइट कधीच बंद पडली.) 'अद्ययावत आहोत' दाखवायला सनची एससीजेपी परीक्षा डिसेंबरमध्ये पास झालो, तर जानेवारी २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या पोटात गेली. असो.

अमेरिकेत क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, २०१३ मध्ये छापून आला. सुमारे १२ हजार बनावट रेझ्युमे ३ हजार खऱ्या जाहिरातींना पाठवले, फरक मुख्यतः एवढाच की माणूस किती महिने बेकार आहे. पहिल्या आठ महिन्यांत बोलावणी भराभर कमी होत जातात आणि मग खालीच राहतात. त्यातली मला जास्त बोचलेली गोष्ट वेगळी आहे. जिथे नोकऱ्या मुबलक असतात तिथे ही घसरण जास्त तीव्र, आणि जिथे मंदी असते तिथे कमी. म्हणजे मालक असा विचार करत असावा, की एवढ्या जणांनी याला घेतलं नाही म्हणजे काहीतरी कारण असणारच. आणि त्या 'एवढ्या जणांनी' काय बघितलं होतं? त्यांनीही महिनेच मोजले होते. प्रत्येक जण शेजाऱ्याचा निकाल कॉपी करतोय आणि मूळ टेस्ट कुणी चालवलेलीच नाही. असला कोड माझ्या टीममध्ये कुणी लिहिला असता तर मी त्याला झापलं असतं.

गंज चढत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मला शेवटी काम मिळालं ते जुन्या टीममधल्या मित्राच्या ओळखीने. एका पेठेत, मिठाईच्या दुकानावर, आठ माणसांचं ऑफिस. तीन महिन्यांचं कंत्राट, पगार आधीच्या साठ टक्के. मालकांनी प्रश्नच विचारले नाहीत. एक मशीन दाखवलं, "हा बग आहे, चारपर्यंत बघा." पहिला तासभर माझे हात की-बोर्डवर पाहुण्यासारखे बसले होते. साधे शॉर्टकट आठवेनात. बग सापडला सातला. मालक म्हणाले, "उद्या दहाला या." आठवड्याभरात हात पूर्ववत झाले. मीटिंगमध्ये तोंड उघडायला मात्र मला वर्ष लागलं.

तर गेल्या शनिवारी मी तिसरा फिल्टर काढला. ४१ चे ५८ झाले. ती जादा १७ माणसं मी एकेक करून वाचली. बरेचसे खरोखरच साधारण होते, उगाच भावनेच्या भरात खोटं कशाला लिहू. तिघं चांगले वाटले. त्यातल्या एकाचा गॅप १९ महिन्यांचा.

बुधवारी त्याचा व्हिडिओ कॉल झाला. मी तो प्रश्न विचारणारच नव्हतो. त्यानेच, मी काही बोलायच्या आत, घाईघाईने सांगितलं, "मधल्या काळात फ्रीलान्सिंग करत होतो, सर." आणि खाली बघितलं. तो स्वर मी ओळखतो. मी म्हटलं, "मी २००९ मध्ये चौदा महिने घरी होतो. मीही हेच सांगायचो." तो थोडा वेळ गप्प बसला. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाला, "पहिले सहा महिने खरंच शोधत होतो सर. नंतर नुसताच बसलो होतो." मी म्हटलं, "बरं. आता कोड लिहूया."

पहिली वीस मिनिटं त्याची वाईट गेली. रिकाम्या यादीची केस विसरला, साध्या लूपमध्ये अडकला. मग काय झालं कोण जाणे, स्वतःच थांबला, सगळं पुसलं आणि पुन्हा नीट लिहिलं, ती रिकामी यादीसुद्धा मी न सांगता धरली. उरलेला अर्धा तास मस्त गेला. पण त्याच दिवशी ४१ मधल्या एका मुलीचा इंटरव्ह्यू झाला आणि ती पहिल्या मिनिटापासून चांगली होती. जागा एकच आहे. काय होईल मला माहीत नाही.

फीडबॅकच्या फॉर्ममध्ये 'गॅपचं कारण' असा एक रकाना असतो. मी लिहिलं, 'नोकरी नव्हती.' काल एचआरच्या मुलीचा फोन आला, "सर, हे असं नाही चालत हो, रीझन लागतं. 'पर्सनल' टाकू का?"

म्हटलं, नको, आहे तेच राहू दे. दोघांचाही दुसरा राउंड मंगळवारी आहे.