शंकरसागरावर विजेची मोटर

दुपारी वारा सुटला की विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयावर वल्हं मारून मारून दंड भरून येतात. कयाक पुढं जावी तेवढीच मागं रेटली जाते आणि दोन्ही हात अडकल्यामुळं गळ टाकणं राहूनच जातं. म्हणून कयाकला मागं विजेची मोटर बसवली. १२ व्होल्टची, ५५ पाउंड रेट्याची.

वेग मात्र हिला परवडत नाही. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. मोटर पूर्ण सोडली की ५० अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासांत संपली. तीच हळू चालवली तर अर्धा दिवस सहज जातो. घरची इन्व्हर्टरची बॅटरी लावायचा सल्ला बरेच जण देतात. ती पन्नास किलोच्या पुढं, शिवाय कलंडली तर ॲसिड सांडणार. लिथियमची बारा-तेरा किलोंत येते. बॅटरी आणि मोटरीच्या मध्ये ब्रेकर हवाच, कारण पात्याला जलपर्णी गुंडाळली की मोटर अडते आणि वायर तापते.

पण त्याच जलपर्णीच्या कडेला मरळ असते. ती हवा घ्यायला वर येते, पाणी जरासं फुगतं, बुडबुडे फुटतात. मोटर अगदी मंद ठेवून तिथवर आवाज न करता सरकता येतं आणि गळासाठी हात मोकळा राहतो. हे सुख वल्ह्यात नाही.

भोई मंडळींच्या जाळ्यांची खूण म्हणजे रिकाम्या बाटल्या. बाटली दिसली की मोटर वर उचलायची. पात्यात जाळं गेलं तर त्यांची कमाई फाटते. एक काका थर्माकोलचा तराफा जवळ घेऊन आले, मोटरीच्या आसपासचं पाणी निरखून म्हणाले, "भाऊ, तेल न्हाई, धूर न्हाई. चांगलंय की!"

मलाही तेच मोठं वाटतं. नांदेड हे पाणी पितं. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात पिण्याच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग मला बघवत नाही.

काकांना पुढं चार्जिंगचं समजून घ्यायचं होतं. २० अँपिअरच्या चार्जरवर पाच-सहा तास, रात्री लावून ठेवायची, असं सांगितलं. मग त्यांनी तराफ्यावर मोटर कुठं बसेल ते हातानं मापून पाहिलं. थर्माकोलला ती पेलणार नाही, मागं आडवी फळी बांधावी लागेल, यावर आमचं एकमत झालं.