मधले दिवस

देवनागरी फॉन्ट करणाऱ्याला सगळ्यात जास्त दमवते ती ऱ्हस्व वेलांटी. अक्षराच्या डावीकडे उभी राहून तिला आपली कमान थेट त्या अक्षराच्या दंडापर्यंत पोचवायची असते. ‘रि’ला ती आखूड हवी, ‘कि’ला रुंद, आणि ‘स्थिती’तल्या ‘स्थि’ला त्याहून लांब. म्हणून एकाच वेलांटीची अनेक रूपं काढावी लागतात. त्यात मराठीचे स्वतःचे हट्ट: आपला ‘ल’, आपला ‘श’, ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’. जोडाक्षरं धरली की एका फॉन्टमध्ये शेकडो आकार होतात. एवढं करून वाचणाऱ्याला यातलं काहीही दिसू नये, त्याने सरळ मजकुरात शिरावं, अशी आमची इच्छा असते.

मला या कामात फार सुख मिळतं. ‘ळ’च्या दोन गोलांत किती पांढरं ठेवायचं यावर अख्खी दुपार गेली तरी ती वाया गेली असं वाटत नाही. मात्र हे सुख अक्षर काढताना जेवढं मिळतं, त्याहून जास्त त्याच्याकडे परत येताना मिळतं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं.

डोळा फार लवकर सरावतो. जाड झालेला दंड तासभर पाहत राहिलं की तोच बरोबर वाटू लागतो. कललेली मात्रा सरळ वाटते. मग हात चालत राहतो, पण पाहणं थांबलेलं असतं, आणि पाहणं थांबलं की समाधानही थांबतं. म्हणून आम्ही कागद उलटा धरतो, अक्षर आरशात बघतो, भिंतीला चिकटवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो. आपल्याच कामाला अनोळखी होण्याची ही सगळी धडपड. रात्रीची झोप हेच काम अधिक चांगलं करते. बसल्या जागेवरची मी कारागीर असते. दोन दिवस लांब राहून आलेली मी थोडीशी वाचक झालेली असते. अक्षर जमलंय का, हे त्या वाचकालाच कळतं.

र. कृ. जोशींचा ‘मंगल’ फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी पोचला. किती अर्ज, किती पत्रं, किती सूचना लोकांनी त्यात वाचल्या! तो कुणी घडवला हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नसेल. माझ्या कामातलं समाधान याच जातीचं आहे, आणि ते मिळवायचं तर स्वतःला वाचकाच्या जागी नेऊन बसवता यायला हवं.

पूर्वी कामापासून लांब होण्याची ही उसंत कामातच होती. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळी पोलादाच्या पंचावर अक्षर उलटं कोरत. पंच ज्योतीवर धरून त्यावर काजळी धरायची, कागदावर ठसा घेऊन पाहायचं, पुन्हा कानस चालवायची. मनासारखं झालं की पंचाला पाणी द्यायचं, तो तांब्यात ठोकून मातृका करायची, मातृकेत शिसं ओतून खिळा पाडायचा. प्रत्येक टप्पा थांबायला लावी. पुढे पोस्टर कलर वाळायला वेळ लागे, ब्रोमाइड हातात यायला वेळ लागे. संगणकाने हे थांबे काढून टाकले. शिशाच्या वाफेतले ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण धातू आणि रंग आपल्याला जे थांबवत, ते थांबणं आता आपणच ठरवून कामात घालायला हवं.

हे सोपं नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी चित्रकार-सजावटकारांचा पावसाळा त्या कामात जातो. गणपती येतात आणि जातात, मुखपृष्ठाची शीर्षकं टेबलावर असतात. न्यूयॉर्कचे डिझायनर स्टेफान सागमायस्टर दर सात वर्षांनी आपला स्टुडिओ वर्षभर बंद ठेवत आले आहेत. त्यांच्या त्या धीराचं मला मनापासून कौतुक आहे. घरभाडं आणि दसऱ्याची मुदत सांभाळणाऱ्याला मात्र तेवढं जमणार नाही. त्याची विश्रांती लहान असणार, आणि म्हणूनच ती खरी असायला हवी.

अक्षरं काढणाऱ्याला रस्त्यावर विश्रांती मिळत नाही. दुकानाची पाटी, एसटीचा फलक, भिंतीवरची जाहिरात, सगळीकडे रफार आणि उकार डोळ्यात घुसतात; मनातल्या मनात दुरुस्त्या सुरू होतात. म्हणून मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाते, मोबाइल घरी ठेवून. तिथे वाचण्यासारखं फारसं काही नाही. गवत आहे, खाणीतलं पाणी आहे, लांबवरचं शहर आहे आणि त्याच्या पाट्या इतक्या दुरून वाचता येत नाहीत. दुपारी जेवून पडते, गजर न लावता. भाकरी थापते. हात कामात असतात आणि डोळे मोकळे, ही विश्रांती मला झोपेइतकीच मानवते.

हल्ली कामाचा अंदाज देताना मी दोन तारखा लिहिते: अक्षरं पूर्ण होण्याची आणि हाती देण्याची. मधले दिवस कशाचे, असं ग्राहक विचारतातच. न पाहण्याचे, असं मी सांगते, आणि त्यांचे पैसेही अंदाजात धरते. काही जण दुसरीकडे जातात. जे थांबतात त्यांना मी मधल्या दिवसांच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही प्रूफं शेजारी ठेवून दाखवते. फरक कुठे आहे ते त्यांना बोट ठेवून सांगता येत नाही, पण घ्यायचं कुठलं हे विचारलं तर ते नंतरचंच उचलतात.